ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की ए, बी, ओ, टी, यू ही पाचही अक्षरं ज्यात येतात असे इंग्रजी शब्द तुमच्या सातवीतल्या मुलीला शोधायचेत, आणि ‘अबाउट’च्या पुढे गाडी सरकत नाही. मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि हा खेळ वर्गात आवडीने घेते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी अट नीट वाचून घ्या. फक्त हीच पाच अक्षरं, प्रत्येक एकदाच वापरायची असतील, तर ‘अबाउट’वर काम संपलं. यांतली काही अक्षरं घेऊन चालणार असेल तर ‘बोट’, ‘टब’, ‘आउट’ असे बरेच छोटे शब्द निघतात. तुमच्या प्रश्नात मात्र पाचही अक्षरं हवीतच, सोबत इतर कितीही आली तरी चालतील. हा प्रकार सगळ्यांत मोठा, आणि मला विचाराल तर सगळ्यांत छान.

मुलं अडतात ती एकाच ठिकाणी. मराठीत बहुतेक जसं ऐकू येतं तसं लिहितो, त्यामुळे आपली मुलं इंग्रजी शब्दही कानाने शोधतात. टी हवा म्हटलं की ‘ट’ ऐकू येणारे शब्द आठवत बसतात. पण ‘ॲबडक्शन’मधला टी शेवटच्या ‘शन’मध्ये आहे, आणि ‘ऑबिच्युअरी’मध्ये त्याचा उच्चार ‘च’ होतो. ‘ऑटोबायोग्राफी’ तर तुमच्या मुलीने नक्की ऐकलेला असेल. त्यातला यू पहिल्याच ‘ऑ’मध्ये आहे. या तिन्ही शब्दांत तिची पाचही अक्षरं आहेत. तेव्हा शब्द कागदावर दिसला पाहिजे. तिला हातात पेन्सिल घेऊनच बसवा.

आता अक्षरं सुटी न ठेवता त्यांचे तुकडे जोडायचे. इंग्रजी शब्दांची सुरुवात आणि शेवट ठरलेल्या तुकड्यांनी होतो, आणि एकेका तुकड्यात दोन-तीन अक्षरं एकदम भागतात. ‘आउट’ घेतला की ओ, यू, टी आले, उरले ए आणि बी: आउटब्रेक, आउटबोर्ड, राउंडअबाउट. ‘सब’ घेतला की यू आणि बी आले, उरले ए, ओ, टी: सबस्टेशन, सबटोटल, सबॉर्डिनेट. शेवटी ‘एबल’ लावला तर ए आणि बी मिळतात, मग ‘काउंटेबल’ आणि ‘अकाउंटेबल’ सुचतात. ‘ऑटो’मध्ये तर चार अक्षरं आहेत, फक्त बी राहतो. ‘शन’ने टी आणि ओ दिले की ‘टॅब्युलेशन’ सापडतो. ‘ॲब्सोल्यूट’ मात्र यातल्या कुठल्याच तुकड्यातून आला नाही, तो वर्गात एका मुलाला आपसूक सुचला होता. असं होतंच, आणि व्हावंच.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर सगळ्यांत दुर्मीळ अक्षर धरा. स्क्रॅबल या अक्षरं जोडून शब्द बनवायच्या खेळाच्या इंग्रजी संचात अक्षरांच्या १०० सोंगट्या असतात. त्यांत ए ९, ओ ८, टी ६, यू ४ आणि बी फक्त २. हा खेळ तयार करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं होतं, त्यामुळे त्यावर विसंबायला हरकत नाही. इथे बी असलेले शब्द आठवायचे आणि बाकीची चार अक्षरं त्यात तपासायची. ए धरून बसलात तर निम्मा शब्दकोश समोर येईल.

संगणकावर करायचं असेल तर मॅकमध्ये आणि बऱ्याच लिनक्स संगणकांत इंग्रजी शब्दांची साधी यादी आधीपासूनच असते, एका ओळीत एक शब्द. तिच्यावर ‘ग्रेप’ (grep) ही मजकुरात शोध घेणारी आज्ञा चालवायची: आधी बी असलेले शब्द निवडून घ्यायचे, मग त्यांतून ए असलेले, मग ओ, असं पाच वेळा. क्षणात यादी येते. पण तीत असे जुनाट, अनोळखी शब्द भरपूर निघतात की मुलीला त्यांचा उपयोग नाही. म्हणून मशीन तपासण्यापुरतं ठेवा. आधी तिला अर्धा तास स्वतः शोधू द्या.

हा संच संपला की तिला ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर द्या. ‘शन’ने आय आणि ओ मिळतात, तिथून ती ‘एज्युकेशन’ आणि ‘इक्वेशन’पर्यंत पोचेल. तिथे थांबली तर एवढंच सांगा की या अटीत बसणारी एक भाजीसुद्धा आहे. कॉलीफ्लॉवर आहे ती, पण हे तिला लगेच सांगू नका.