दुर्बिणीची घाई करू नका

तुम्ही चौघे मित्र मिळून दुर्बीण घेण्याचा आणि गच्चीवर छोटी वेधशाळा उभारण्याचा विचार करत आहात, हे वाचून आनंद झाला. मात्र वेधशाळेचा विषय पहिले वर्षभर बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. सुरुवात पावसाळा सरल्यावर, अमावस्येच्या आसपासच्या रात्री, नुसत्या डोळ्यांनी आणि १०×५०ची (दहा पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) एक द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घेऊन करा. कृत्तिका हा तारकापुंज, मृगातील तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) आणि सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका (आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) हे सारे द्विनेत्रीतून दिसते, आणि ते शोधताना आकाश आपोआप पाठ होते.

नवखे हमखास चुकतात ते असे:

- खोक्यावरच्या '५२५ पट' अशा आकड्याला भुलतात. ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीतून १२० पटीपुढे प्रतिमा केवळ मोठी आणि अंधूक होते. व्यास आणि भक्कम तिवई पाहा.
- मोबाइल पाहत राहतात. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने तो वाया जातो, म्हणून विजेरीवर लाल कागद लावा.
- दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून संध्याकाळीच गुरू-शनी पाहतात. उष्ण हवेमुळे बिंब थरथरते. रात्री उशिरा पाहा.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा भिंगे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. पुण्यात असाल तर १९४४पासून कार्यरत असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत, म्हणजे हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेत, जाऊन वेगवेगळ्या दुर्बिणींतून पाहा आणि मगच खरेदी ठरवा.