तीन लहान मुले, परका देश आणि घरातली शाळा

सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहिले आहे की, काही महिन्यांत तुम्ही परदेशी राहायला जात आहात, मुले पाच वर्षांची, तीन वर्षांची आणि दहा महिन्यांची आहेत, आणि पहिली दोन वर्षे तरी त्यांना घरीच शिकवावे असा तुमचा विचार आहे. तर असा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्यक्षात चालतो कसा, हे कोणीतरी नीट सांगावे. तुमचा प्रश्न वाचला तेव्हापासून दोन दिवस तो माझ्या मनातून जात नाही. जवळजवळ याच वयाची तीन मुले घेऊन मी सहा वर्षांपूर्वी इथे आले आणि थोरल्याला दोन वर्षे घरी शिकवले. त्या दोन वर्षांविषयी मी अजूनपर्यंत कोणाशी पूर्ण खरे बोललेले नाही.

कायद्याची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळेल, म्हणून ती इथे लिहीत बसत नाही. फक्त घर ठरवण्यापूर्वी ती वाचा, कारण देशादेशांत फार फरक आहे. जर्मनीत शाळेत जाणेच सक्तीचे असल्यामुळे घरशिक्षणाचा मार्ग जवळजवळ बंद आहे. फ्रान्समध्ये २०१९ पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे आणि २०२२ पासून घरी शिकवायला आधी परवानगी काढावी लागते, म्हणजे तिथे तुमच्या मधल्या मुलासाठीही अर्ज करावा लागेल. याउलट इंग्लंडमध्ये घरी शिकवताना ठरावीक तास किंवा राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचे बंधन नाही.

आता दिवसाविषयी. मी पहिली चूक केली ती वेळापत्रकाची. नऊ ते साडेनऊ वाचन, साडेनऊ ते दहा अंक, दहा ते साडेदहा चित्रकला, असा तक्ता मी भिंतीवर लावला. त्यामागे मुलांची गरज नव्हती, कागदांची भीती होती. थोरल्याचे नाव शाळेतून काढताना दिलेला अर्ज दोनदा परत आला होता. एकदा पारपत्रावरील आणि जन्मदाखल्यावरील नावांचा क्रम जुळत नव्हता म्हणून, आणि दुसऱ्यांदा लसीकरणाच्या पुस्तिकेतील दिवस आणि महिना कोणीतरी उलटे वाचले म्हणून. त्यामुळे मुलाने एक लस जन्मापूर्वीच घेतली असा हिशेब निघाला. हे निस्तरायला सात आठवडे लागले. नाव आईच्या कोणत्या कागदावर कसे आहे, हेही मला त्यात तीनदा सिद्ध करावे लागले. त्यानंतर कोणीही कधीही दार वाजवून विचारेल की आज किती तास शिकवले, अशी धास्ती मनात बसली. असे विचारायला कोणी आले नाही, पण तो तक्ता पाच आठवडे भिंतीवर राहिला आणि त्या पाच आठवड्यांत मी मुलांवर जितकी ओरडले तितकी नंतर कधी ओरडले नाही.

तीन लहान मुलांच्या घरात दिवसाचे घड्याळ सर्वांत धाकट्याची झोप हे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसा-रात्री मिळून बारा ते सोळा तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अकरा ते चौदा तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप हवी असते. ती नीट झाली तर बाकीचे आपोआप बसते. ती मोडली तर कोणताही धडा पुढे सरकत नाही. आमचा धाकटा सकाळी साडेनऊच्या सुमारास पाऊण तास झोपे आणि दुपारी पुन्हा दीड तास. माझी शाळा एवढीच होती: सकाळच्या त्या पाऊण तासातली पंचवीस मिनिटे. पाच वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटे वाचन आणि दहा मिनिटे अंक एवढे पुरते, आणि रोज झाले तर भरपूर होते. यावर माझाही विश्वास बसायला एक वर्ष लागले.

त्या पंचवीस मिनिटांआधी दहा मिनिटे तीन वर्षांच्या मुलीला द्यायची, ही मला सापडलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट. आधी थोरल्याला घेऊन बसले की मधली पाटीवर हात मारी, पुस्तक ओढी, शेवटी धाकट्याला उठवी. तिला आधी मांडीवर घेऊन तिच्या आवडीचे पुस्तक पूर्ण वाचले की नंतर ती बराच वेळ एकटी रमे. तिच्यासाठी एक डबा मी वरच्या फळीवर ठेवला होता, तो फक्त त्याच वेळी खाली येई; त्यात काय आहे यापेक्षा तो एरवी मिळत नाही याचेच तिला अप्रूप होते. मणी, बिया, बटणे असले काही त्यात ठेवू नका, कारण रांगणारे मूल जमिनीवरचे सगळे तोंडात घालते.

धाकटा जागा असताना थोरल्याला काही करायचे असेल तर आम्ही बाळाचे कुंपण उलटे वापरत असू. बाळाला त्यात ठेवले की ते रडते; त्याऐवजी थोरला आपले ठोकळे आणि चित्रकोडी घेऊन आत बसे आणि बाळ बाहेर मोकळे फिरे. त्याला ती आपली स्वतःची खोली वाटे. बाळाला पाजण्याची वेळ ही गोष्ट वाचण्याची वेळ, हेही ठरलेले होते: एक हात बाळाखाली, दुसऱ्या हातात पुस्तक, दोन्ही बाजूंना दोन मुले. दिवसातून चार-पाच वेळा असे वाचन आपोआप होते आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणे, मोठे-लहान वेगळे करणे, चमचे मोजून मांडणे, हे तीन वर्षांच्या मुलीचे गणित होते. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले तेव्हापासून घरातील कामे हाच लहान मुलांचा अभ्यास मानण्याची परंपरा आहे, पण मला ते पुस्तकातून कळले नाही, कपड्यांच्या ढिगाने शिकवले.

थंड देशात जात असाल तर बाहेर पडण्याची तयारी हाच एक तास समजा. सर्वांत मोठ्याला आधी गरम कपडे चढवा, बाळाला सर्वांत शेवटी, कारण ते घरात उकडून रडू लागले की सगळी मोहीम दारातच मोडते. तरीही रोज बाहेर पडा, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा दुपारीच अंधार पडतो; ज्या दिवशी आम्ही उजेडात बाहेर गेलो नाही, त्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात हे दोन तास आम्हां चौघांनाही असह्य होत. तेव्हा काही शिकवू नका. मुलांना पाण्यात बसवा आणि स्वतः तिथून हलू नका. आणि धाकट्याची झोप दोनवरून एकवर येईल, बहुतेक सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास, तेव्हा एवढी बसवलेली घडी एका आठवड्यात मोडेल. माझी मोडली तेव्हा आपलेच काही चुकले असे मला वाटले होते. काही चुकलेले नव्हते. पंचवीस मिनिटे सकाळवरून दुपारवर न्यायची होती, इतकेच.

आता शाळेविषयी, कारण तुम्ही शेवटी विचारले आहे की आम्ही थोरल्याला आधी शाळेत घातले होते का. घातले होते, चार महिने. त्याला इथली भाषा येत नव्हती. तिसऱ्या महिन्यात आम्हांला बोलावून सांगण्यात आले की तो वर्गात एक शब्दही बोलत नाही, त्याची वाढ तपासून घ्यावी, आणि घरी त्याच्याशी मराठी बोलणे थांबवावे. नवी भाषा कानावर पडत असताना लहान मुले काही महिने गप्प राहू शकतात आणि त्यात आजार नसतो, हे मला पुढे समजले. तेव्हा मी घाबरले आणि ऐकले. सहा आठवडे मी माझ्या मुलाशी एका मोडक्यातोडक्या परक्या भाषेत बोलले. घरी दिवसभर बडबड करणारा मुलगा माझ्याशीही गप्प झाला. रात्री गोष्ट सांगताना मला शब्द सापडत नसत आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपे. एका रात्री मी दिवा मालवला आणि मराठीत गोष्ट सुरू केली. तो वळला, पण लगेच काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही नाव काढण्याचा अर्ज लिहायला घेतला. त्या सहा आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो शाळेपेक्षा माझ्यावरच जास्त आहे. त्यामुळे तुम्हांला कोणी घरची भाषा सोडायला सांगितले तर सोडू नका, मग सांगणारा कितीही अधिकारी असो.

आम्ही सर्वांना सांगितले की हे मुलासाठी केले. ते खरे आहे, पण अर्धे. नवरा सकाळी सातला जाई आणि संध्याकाळी सातला येई. मधल्या बारा तासांत, एक बाळ आणि एक तीन वर्षांची मुलगी यांच्या सोबतीत, माझ्याशी माझ्या भाषेत पूर्ण वाक्यात बोलणारा घरात तोच एक होता. तो शाळेत असताना मी दुपारी खिडकीत उभी राहून तास मोजत असे. तो घरी राहिला तेव्हा त्याला जितके हायसे वाटले त्याहून अधिक मला वाटले. पाच वर्षांच्या मुलाने आईचा एकटेपणा वाहावा, हे मला आज बरोबर वाटत नाही. म्हणून माझी विनंती आहे की निघण्यापूर्वीच ठरवा, आठवड्यातून निदान दोनदा तुम्ही कोणत्या मोठ्या माणसाशी बोलणार आहात. आम्ही हे फार उशिरा केले: माझी आई रोज व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटे मुलांना गोष्ट वाचून दाखवू लागली, फोन टेबलावर उभा असे आणि मी त्याच खोलीत काम करताना मधूनमधून बोलत असे. इथे वर्षातून दोनदा घड्याळ तासाने सरकते आणि भारतात सरकत नाही, त्यामुळे तिची वेळ धाकट्याच्या झोपेवर आदळे. पण ती म्हणे, मी बदलते, तुम्ही बाळाला उठवू नका.

थोरला सातव्या वर्षी पुन्हा शाळेत गेला आणि महिन्याभरात वर्गात बोलू लागला. मागच्या महिन्यात त्याने विचारले की मी दोन वर्षे घरी का होतो. तुझ्यासाठी, असे मी म्हणाले, आणि त्याने ते मान्य केले. तुम्हांला हे लिहिल्यावर वाटते आहे की, या रविवारी त्याला उरलेले अर्धे उत्तरही सांगावे.