वर घरं, खाली संग्रहालय: हार्लेममध्ये पाहिलेलं

तुम्ही विचारलंय, "गरीब वस्तीत मुलांसाठी कलासंग्रहालय काढणं ही चैन नाही का? त्याच पैशात घरं बांधावीत, बालवाडी चालवावी. असं संग्रहालय कुठे खरंच चाललंय का?"

चाललेलं मी पाहिलं आहे. शिवाय तुम्ही म्हणता ती घरं आणि बालवाडीसुद्धा तिथे त्याच इमारतीत आहेत. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, १५५ वा रस्ता आणि सेंट निकोलस ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर १३ मजल्यांची एक इमारत आहे. वर १२४ घरं, खाली बालवाडी आणि तळाला ‘शुगर हिल चिल्ड्रन्स म्युझियम ऑफ आर्ट अँड स्टोरीटेलिंग’. घरांत लोक २०१४ मध्ये राहायला आले, संग्रहालय २०१५ मध्ये उघडलं. मी तेव्हा तिथून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहायचे. लेक चार वर्षांची होती आणि आमचे कितीतरी रविवार तिथेच गेले.

ही जागा सरकारनेही काढली नाही आणि कुणा धनाढ्य कलासंग्राहकानेही नाही. ब्रॉडवे हाउसिंग कम्युनिटीज नावाची संस्था आहे, एलेन बॅक्स्टर यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली. रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना पक्कं घर मिळवून देणं हे त्यांचं मूळ काम. म्हणजे ‘आधी घर’ हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्याच बाईंनी घरांच्या खाली संग्रहालय आणलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १२४ पैकी २५ घरं बेघर कुटुंबांसाठी राखीव होती, बाकीची कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. लॉटरीला सुमारे ४८ हजार अर्ज आले. म्हाडाच्या लॉटरीचे निकाल ज्यांनी धडधडत्या छातीने पाहिलेत त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. घरभाड्याचा प्रश्न संग्रहालयाने सुटत नाही, आणि या १२४ घरांनीही तो सुटला नाही. एवढं मात्र खरं, की चित्रांसाठी इथे कुणाचं घर कापलं गेलं नाही.

इमारत डेव्हिड अजाये यांनी आखलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती आवडली नव्हती. गडद राखाडी काँक्रीट, लहान-मोठ्या विखुरलेल्या खिडक्या, किल्ल्यासारखी दिसते. मग एका दुपारी ऊन तिरपं पडलं आणि लेक म्हणाली, "आई, भिंतीवर फुलं!" खरंच, त्या काँक्रीटमध्ये गुलाब उमटवलेले आहेत. समोरून दिसत नाहीत, उजेड कडेने आला की वर येतात.

आतलं सगळं तीन ते आठ वर्षांच्या मुलांना धरून आहे. माझ्या लेकीला सगळ्यात ओढ होती ती चित्रकाराच्या खोलीची. संग्रहालय एखाद्या कलावंताला काही काळ तिथेच काम करायला जागा देतं, आणि ठरलेल्या वेळी मुलं आत जाऊन बघू शकतात. चित्र अर्धवट असतं. पुढच्या खेपेला गेलं की मागच्या वेळचा निळा रंग पुसून तिथे दुसरंच काही आलेलं असतं. मोठ्या माणसाचंही चुकतं, तो ते पुसतो आणि पुन्हा करतो, हे माझ्या मुलीने तिथे डोळ्यांनी पाहिलं.

एका रविवारी रंगांच्या टेबलापाशी एक मुलगा आला. केस ओले, पायात घरातल्या सपाता. वरच्याच कुठल्यातरी मजल्यावरून लिफ्टने उतरला होता. मागोमाग त्याची आजी आली आणि भिंतीशी खुर्चीवर टेकून तिथल्या ताईशी स्पॅनिशमध्ये गप्पा मारू लागली. लेकीने ब्रश उचलला तर तो पोरगा म्हणाला, "तो नको, त्याचे केस गळतात. हा घे." घरी आलेल्या पाहुण्याला आपण चांगला कप शोधून देतो ना, अगदी तसं.

ते पाहून मला माझं लहानपण आठवलं. मी चिंचपोकळीच्या चाळीत वाढले. राणीची बाग चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासून लोकांसाठी खुलं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, त्याच्याभोवती आम्ही पकडापकडी खेळायचो. पण शाळा संपेपर्यंत मी त्या दारातून एकदाही आत गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं. आईला वाटायचं, आत जायचं तर कपडे बरे हवेत आणि कुणी काही विचारलं तर उत्तर देता यायला हवं. आम्ही हत्ती पाहून, भेळ खाऊन घरी यायचो. आज ते संग्रहालय सुंदर करून ठेवलंय आणि सुट्टीत लेकीला मी आवर्जून तिथे नेते. तरी तो उंबरठा माझ्या पायांना अजून जाणवतो.

शुगर हिलमधल्या त्या मुलाला असा उंबरठाच नाही. आणि त्याला तिथे जे दिसतं ते परक्यांचंही नाही. शुगर हिल ही वस्ती एकेकाळी कृष्णवर्णीय संगीतकार, वकील, लेखक यांची होती. संगीतकार ड्यूक एलिंग्टन, वकील थर्गूड मार्शल इथे राहिले. गोड आयुष्य म्हणून ‘शुगर’ हिल. चित्रकार फेथ रिंगगोल्ड याच भागात वाढल्या, २०२४ मध्ये वारल्या. त्या कापडाचे तुकडे जोडून गोधड्या करायच्या, त्यावर चित्र रंगवायच्या आणि कडेने गोष्ट लिहायच्या. त्यांच्या एका गोधडीवर डांबराच्या गच्चीत रात्री कुटुंब जेवायला बसलंय आणि एक मुलगी पुलावरून उडतेय. लेकीला मी तिचा फोटो दाखवला तर तिचा पहिला प्रश्न, "आपल्या आजीच्या गोधडीवर गोष्ट का नाही?" आजीला फोन लावला. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, यावर पाऊण तास गेला.

तुमच्या मनात स्वतः काही सुरू करायचं असेल, तर इमारतीपासून सुरुवात करू नका. बालवाडीची किंवा वाचनालयाची एक खोली, आठवड्यातले दोन तास. पण दर आठवड्याला तीच वेळ, कारण मुलं परत आली तरच त्याला अर्थ आहे. आजी-आजोबांना बसायला खुर्च्या ठेवा, त्यांना दाराबाहेर उभं करू नका. वस्तीत रांगोळी, गोधडी, गणपतीची सजावट, साइनबोर्ड यातलं काही हाताने करणारं कुणीतरी असतंच. त्यांना बोलवा आणि त्यांचं अर्धवट काम घेऊनच यायला सांगा. शिकवायला नको, त्यांनी नुसतं बसून आपलं काम करावं. मुलं आपोआप जवळ सरकतात.