दत्तक बाळाला अंगावर पाजता येतं का? त्यासाठी कोणतं औषध, किती दिवस आधी सुरू करायचं?

येतं. मी पाजलंय. पोटभर नाही, पण पाजलंय.

किती दिवस आधी म्हणाल, तर महिना-दोन महिने मिळाले तर उत्तमच. पण दत्तकाचा फोन काय तुम्हाला विचारून येतो? आम्ही अडीच वर्षं वाट पाहिली आणि मग पंधरा दिवसांत सगळं उरकलं. लेक घरी आली तेव्हा अकरा आठवड्यांची होती, बाटलीला सरावलेली.

फोन आला त्या रात्रीच मी दूध काढायचा पंप छातीला लावला. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. नवऱ्याच्या आत्या तेव्हा आमच्याकडेच होत्या. म्हणाल्या, "जिने कळा सोसल्या नाहीत तिला कसला पान्हा फुटतोय?" माझी बाजू घ्यायला म्हणून जाऊबाईंनी यशोदेचा दाखला दिला. अहो, यशोदा त्याच रात्री बाळंत झाली होती, तिला मुलगी झाली होती! तिच्यापेक्षा माझं काम अवघड.

आत्यांना तेव्हा सांगता आलं नाही ते इथे सांगते. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून येतं, गर्भाशयातून नाही. बाळंतिणीच्या स्तनांची तयारी गरोदरपणात झालेली असते, आपल्याला ती पंपाने आणि बाळाच्या चोखण्याने करून घ्यावी लागते. कळांचा काय संबंध? शतावरी कल्प मी महिनाभर घेतला, आईने पाठवलेले अळिवाचे लाडू मात्र नवऱ्याने संपवले. नुसत्या खाण्याने दूध येत असतं तर आधी त्याला आलं असतं.

एकोणिसाव्या रात्री दोनच्या सुमारास पंपाच्या तोंडाशी चार थेंब दिसले. बाटलीत उतरण्याइतकेही नव्हते. बोटावर घेऊन लेकीच्या ओठांना लावले. हॉलमध्ये आत्या घोरत होत्या, त्यांना उठवून दाखवावंसं फार वाटलं. नाही उठवलं.

पुढचा प्रश्न वेगळाच, ती स्तन तोंडात धरेना. डॉक्टरीणबाईंनी मेडिकलमधून ५ नंबरची फीडिंग ट्यूब आणायला सांगितली. एक टोक पावडरच्या दुधाच्या वाटीत, दुसरं स्तनाग्राशी चिकटपट्टीने लावलेलं. बाळाने ओढलं की वाटीतलं दूध येतं, म्हणून ते चिडत नाही, आणि त्याच्या ओढण्यानेच आपलंही वाढतं. दोन महिन्यांनी माझं दिवसाचं शंभर-सव्वाशे मिली व्हायला लागलं. तिला लागायचं सातशेच्या वर. "एवढ्याशासाठी एवढा खटाटोप?" इति आत्या. हो, एवढ्याशासाठीच. आणि म्हणूनच सांगते, घरातल्या मोठ्या बायकांना आधी काही सांगू नका. दुधाचे मिली मोजत बसतात.

औषधाचं राहिलंच. मला डॉमपेरिडोन दिलं होतं, पण आधी ईसीजी काढून. त्याने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात, त्यामुळे मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणू नका. स्वतःचं दूध दिसायला लागलं की पावडर कमी करायचा मोह होतो, मलाही झाला होता. बाळाचं वजन वाढतंय आणि दिवसाला निदान सहा लंगोट ओले होताहेत हे पाहिल्याशिवाय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय, एक चमचाही कमी करू नका. ट्यूब दर वेळी वापरून झाली की लगेच धुवा, आत दूध सुकलं तर फेकून नवी आणा.