वाण दारात की घरात?

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे साठ-सत्तर बायका यायच्या. २०२१ साली कोरोनामुळे मी वाण पिशव्यांत भरून दारोदार पोचवलं. ते इतकं सोयीचं पडलं की अजून तसंच चालू आहे. धाकट्या जावेला दमा आहे, त्यामुळे गर्दीची धास्ती वाटते. पण परवा गल्लीतल्या नव्या सुनेने मला ओळखलंच नाही, ते मनाला लागलं. पुन्हा घरी बोलवावं का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बोलवा, ताई. जाऊबाईंचं आधी सांगते, कारण ती धास्ती खोटी नाही. हा विषाणू बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. म्हणून दिवाणखान्यात दाटीवाटीने बसवू नका. गच्चीवर किंवा अंगणात, ऊन असेपर्यंत बोलवा. रथसप्तमीपर्यंत दिवस असतात, सगळ्या एकाच दुपारी कशाला? जिला सर्दी-खोकला असेल तिने यायचं नाही, तिचं वाण घरी पोचेल. तुमची पिशवी तेवढ्यापुरती राहू द्या. जाऊबाईंनी मास्क लावला तर कुणी टोकायचं नाही, हेही तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा.

आपल्या इंदुरातलीच एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्लेगचे दिवस होते. होळकर दरबारासाठी शहराचा आराखडा करायला पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार आले होते. त्यांचा अहवाल १९१८ चा. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, म्हणजे घरं, गल्ल्या साफ व्हायला हव्यात. त्यांनी दिवाळीच धरली. घराघरांत साफसफाई होतेच, तिला जोडून मोठी मिरवणूक काढायची ठरवली, आणि जाहीर केलं की जो रस्ता सगळ्यांत स्वच्छ, तिथूनच ती जाईल. लोक झपाटून कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. सफाई कामगारांना हार घातले होते. आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली. साथीच्या भीतीने लोकांना घरात कोंडण्यापेक्षा सणाच्या ओढीने बाहेर काढणं मला आजही शहाणपणाचं वाटतं.

आपण २०२० नंतर उलटं करून बसलो. हात धुणं महिन्याभरात सुटलं, आणि दारातून परत जाणं तेवढं अंगवळणी पडलं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी आपली मिरवणूक, दोन वर्षं निघाली नाही, २०२२ मध्ये राजवाड्यावर पुन्हा रंग उडाला. सराफ्याच्या खाऊबाजारातही रात्री पाय ठेवायला जागा नसते. मग घरातलंच येणं-जाणं का अडावं?

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या नणंदबाई गेल्या. तेराव्याला आम्ही फोनच्या पडद्यासमोर बसलो. त्यांच्या मुलीला जवळ घ्यायला मला पुढे सात महिने लागले. ती रडली नाही, नुसती माझा पदर धरून बसली. तेव्हापासून कुणी 'दारातूनच जाते' म्हटलं की मी हात धरून आत घेते.

त्या नव्या सुनेला सगळ्यांच्या आधी, तुम्ही स्वतः जाऊन आमंत्रण द्या. तिळगुळाचे लाडू वळायला आदल्या दिवशीच बोलावलंत तर आणखी बरं. आणि यंदा वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा नको. तुळशीची रोपं द्या. थंडीत ती नाजूक असतात, तेव्हा माळ्याला आत्ताच सांगून ठेवा.