खाटेखालचे दोन खोके

"मॅडम, हिनं चांगली नोकरी सोडलीय. मोबाइलवर कार्टून टाकती आणि त्याचीच पुस्तकं छापून विकती. ह्याच्यावर पोट भरतंय का, तुम्हीच सांगा. नसंल भरत तर हिला जरा समजवा."

बेळगावातल्या टिळकवाडीत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. कधी कार्टूनच्या जागी फोटोग्राफी असते, कधी गाणं, कधी यूट्यूब. विचारतात बहुतेक वेळा आईवडील, आणि जिच्याविषयी विचारतात ती शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असते. त्यातलीच एक गोष्ट सांगते. बापलेकीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील खासबागचे, घरी चार यंत्रमाग. मुलगी २६ वर्षांची. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात २२,००० रुपयांवर होती, दीड वर्षापूर्वी सोडलं. दर शुक्रवारी ती वेबकॉमिकचं एक पान इन्स्टाग्रामवर टाकते. पानात सीबीटीवर, म्हणजे आमच्या बसस्थानकावर, बसची वाट बघणारी एक आज्जी आणि तिची नात. आज्जी मराठीत सुरू करते, कंडक्टर कन्नडात उत्तर देतो, भांडण तिसऱ्याच भाषेत मिटतं. नात "मी गेलो, मी खाल्लो" म्हणते. आमच्याकडच्या मुली तशाच बोलतात, पुण्याचे लोक मात्र व्याकरण सुधारायला धावतात. ११,००० जण ती पानं बघतात. निवडक पानांचं ९६ पानी पुस्तक तिनं स्वतःच्या पैशानं छापलं होतं, ५०० प्रती.

पहिल्या भेटीत मी चुकले. वडिलांना मी अडथळा समजून बसले. ते म्हणाले, "बेळगावात चित्रं काढून कोण जगलंय?" मी लगेच चित्रकार रवी परांजप्यांचं नाव घेतलं: इथेच जन्मले, इथेच के. बी. कुलकर्णींकडे शिकले, पुढे केवढं नाव झालं. वडील शांतपणे म्हणाले, "ते मुंबईला गेले की." मुलगी पहिल्यांदाच हसली, तेही माझ्यावर.

दुसऱ्या भेटीला ती एकटी आली. झोप लागत नव्हती. रात्री तीनला उठून लाइक किती वाढले ते बघायची. एखादं पान कमी चाललं की दोन दिवस जेवण जायचं नाही. जगणं नको वाटतं का, हे मी सरळ विचारलं. तसं काही नव्हतं. तरी महिन्यात झोप सुधारली नाही तर डॉक्टरांकडे जायचं, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. मग विचारलं, "पुस्तकं किती खपली?"

"बऱ्यापैकी."

"म्हणजे किती?"

बराच वेळ गेला. "मी मोजलो नाही कधी. खाटेखाली दोन खोके आहेत. झाडू मारताना पण तिकडं बघत नाही."

माझ्या लेखी खरी गाठ इथे होती. भरत नसेल तर काय, या भीतीनं ती हिशेबच टाळत होती. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा टाळतो, आणि न मोजलेला आकडा रात्री तीनला मोठा होऊन येतो. हिशेबाच्या वहीकडे बघायचं त्याऐवजी ती लाइककडे बघत होती. कारण लाइकचा आकडा रोज थोडा तरी वाढतोच.

मी तिला एकच काम दिलं. खोके बाहेर ओढायचे आणि मोजायचं. जमल्यास कोणाला तरी सोबत घेऊन.

सोबतीला तिनं वडिलांना घेतलं. हे मी सुचवलं नव्हतं.

पुढच्या वेळी दोघं वही घेऊन आले. घरात ९५ प्रती. टपालानं गेलेल्या १६०. ओळखीच्यांच्या स्टॉलवर हातोहात विकलेल्या ७०. दुकानांनी पैसे दिलेल्या ४०, दुकानांतच पडून असलेल्या ९०. राहिल्या ४५, त्या तिनं भिडेखातर फुकट वाटलेल्या.

आता पैसे. छपाई प्रतीमागे ८५ रुपये, म्हणजे ४२,५००. किंमत २५०. दुकानदार ४० टक्के कापतो, हातात १५० येतात. टपालाच्या प्रतीला पॅकिंग धरून ५० रुपये खर्च, तो तिनं कधी गिऱ्हाइकाकडून घेतलाच नव्हता. एकूण आलेले ६३,५००. छपाई, टपाल आणि स्टॉलच्या प्रवासाचे ३,००० वजा जाता चौदा महिन्यांत उरले १०,०००.

मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, बुडालोच असणार."

वडिलांची नजर ९० च्या आकड्यावर अडकली होती. "ही दुकानांत कशी दिलीस?"

"विकली की पैसे देतो म्हणाले."

"म्हणजे जांगड. पावती?"

पावती नव्हती. एका दुकानदारानं बिस्किटाच्या पुड्यामागे '३०' लिहून दिलं होतं, तोही कागद सापडेना. त्यानंतर वीस मिनिटं मी खोलीत नसल्यासारखीच होते. साड्या जांगडवर दिल्या की किती दिवसांनी फेरी मारायची, परत आलेल्या मालाची घडी उघडून का बघायची, कुणाला दुसऱ्यांदा माल द्यायचा नाही, हे सगळं तो माणूस सांगत होता आणि मुलगी लिहून घेत होती. "कोण विकत घेणार?" हे त्यांचं वाक्य तिनं दीड वर्ष चित्रांवरचा शेरा म्हणून ऐकलं होतं. ते पडून राहिलेल्या मालाविषयी बोलत होते. चित्र चांगलं आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हतीच. ते त्यांनी कधी म्हटलं मात्र नव्हतं.

पुढचं काम भिडेचं होतं. कुणी किंमत विचारली की ती म्हणायची, "तसं दोनशे पन्नास आहे, पण तू देशील ते." आम्ही खोलीतच सराव केला. मी गिऱ्हाईक, तिनं "दोनशे पन्नास" म्हणायचं आणि गप्प राहायचं. पहिल्यांदा तीन सेकंदांत "पण" आलाच. चौथ्या भेटीत ती गप्प राहू शकली आणि मीच अवघडून पर्स उघडली. ती प्रत अजून माझ्या टेबलावर आहे.

हिवाळ्यात आमच्या भागातल्या गावागावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी नावं सगळ्यांना पाठ. ग्रंथदिंडी, भाषणं, आणि मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल. अशाच एका संमेलनात तिनं टेबल लावलं. दिवसात ३२ प्रती गेल्या. घेणाऱ्यांत बायका जास्त, आणि बऱ्याच जणी "पुण्यात मुलगा असतो, त्याला पाठवतो" म्हणाल्या. टपालाची जुनी यादी काढून बघितली तर तिथेही पुणे आणि बेंगळुरूचे पत्तेच जास्त. गाव सोडून गेलेल्यांना सीबीटीवरची आज्जी हवी आहे, हे ११,००० जणांच्या लाइकनी तिला सांगितलं नव्हतं.

मधे एका प्रकाशकानं आज्जीचे सगळे हक्क कायमचे १५,००० ला मागितले. ती सही करायला निघाली होती, हिशेबातून एकदाची सुटले म्हणून. कराराच्या बाबतीत माझं ज्ञान बेताचं, मी वकिलाकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं ते इतरांच्याही कामाचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. पण 'कायमचे' असं लिहून सही केली की ही सोय संपली. तिनं सही केली नाही.

मग पोट भरतं का? नुसत्या पुस्तकांवर नाही भरत, निदान अजून नाही, आणि हे मी दोघांसमोर सांगितलं. सकाळचे चार तास ती एका छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम करते, १२,००० मिळतात. लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर चित्रं काढून महिन्याला कमीजास्त काहीतरी येतं. दुसऱ्या पुस्तकाची तिनं आधी नोंदणी घेतली, पैसे आणि टपालखर्च आगाऊ. १३० नावं आल्यावर २०० प्रती डिजिटलवर छापल्या. प्रतीमागे १२० पडले. ऑफसेट छपाईला प्लेटचा खर्च ठरलेला असतो, थोड्या प्रती काढल्या की तो अंगावर येतो. ऑफसेटवर ५०० काढल्या असत्या तर एकेक प्रत स्वस्त पडली असती. तिचं मन तिकडे ओढत होतं. वडील म्हणाले, "ऑर्डर नसताना ताणा जोडायचा नाही." या वेळी खाटेखाली काही गेलं नाही.

झोप येते. लाइक अजून बघते, पण जेवल्यावर.

दुकानांतल्या ९० प्रतींपैकी ७९ चा हिशेब लागला. त्या बिस्किटाच्या पुड्यावाल्याकडे अजून ११ आहेत. वडील म्हणतात, त्या गेल्या समजायच्या. ती दर सोमवारी फोन करते.