अरुंद गुहेचा सर्व्हे करायला किती जण लागतात आणि काय सामान न्यायचं?

मोजायला तिघं पुरतात पण आत जाताना चौघं जा, कारण एकाला लागलं तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला बाहेर पडतात. मेघालयात जैंतिया हिल्सच्या चुनखडीच्या गुहांमधे सर्व्हे टीमसोबत वही धरलीये त्यावरून सांगतोय, तिथली क्रेम लियाट प्राह ही गुहा ३० किमीपेक्षा जास्त लांब आहे आणि ती अशीच एकेक टप्पा जोडत मोजलेली आहे.

पुढचा सरपटत जाऊन स्टेशन (जिथपर्यंत मोजायचं तो बिंदू) धरतो, मधला तिथपर्यंतचं अंतर, दिशा आणि चढउतार घेतो (टेप, कंपास आणि उताराचा कोन मोजणारं क्लिनो, किंवा तिन्ही मापं एकत्र देणारं डिस्टोएक्स हे यंत्र), मागचा वहीत आकडे लिहून स्केच काढतो, आणि प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायचाच, चिखलात 'थर्टीन' चं 'थर्टी' ऐकू येतं खरंच. वही वॉटरप्रूफ कागदाची, आणि शिसपेन्सिल दोरीने गळ्यात बांधा, पेन ओल्या कागदावर चालतच नाही. फटीत छाती चिकटून पडलेलो असताना हेडलॅम्प कंपासच्या अगदी जवळ येतो आणि बॅटरीमुळे सुई सरकते, तेव्हा लाइट लांब धरा आणि शंका आली की पुढच्या स्टेशनवरून उलटं रीडिंग घ्या, दोन्हीत १८० अंशांचा फरक यायला हवा.

फक्त उतरत्या अरुंद फटीत डोकं पुढे घालून कधीच जाऊ नका, पाय आधी. हे सगळं कोरड्या हिवाळ्यापुरतं, पावसाळ्यात तिथल्या गुहांत पाणी भरतं, तेव्हा आत शिरूच नका.